अवरेच्या दिवसांतली मुय्यी

देवराज मार्केटच्या बाहेर अवरेचे ढीग लागले, की मी रस्ता बदलते. मैसूरमध्ये राहून अवरेला टाळणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला टाळण्यासारखं आहे, पण मी टाळते. अवरे ही तुमच्याकडच्या पावट्याची सख्खी बहीण. नोव्हेंबर सरत आला आणि पहाटे धुकं पडायला लागलं, की या शेंगेवर एक तेलकट, उग्र, तरी गोडसर वास चढतो. इथे त्याला सोगडु म्हणतात. शेंग सोलली की तो बोटांना लागतो आणि साबणाने जात नाही. विकणाऱ्या बायका मूठभर शेंगा नाकाशी धरून "सोगडु बघा अम्मा, सोगडु" म्हणत मागे लागतात, आणि भली भली माणसं भर रस्त्यात वाकून वास घेतात. मी मात्र पिशवी छातीशी धरून फुलवाल्यांच्या रांगेतून निघून जाते. यंदाही गेले. घरी येऊन हात धुतले, शेंगेला बोटही न लावता.

त्या वासात माझ्यासाठी एक अख्खा हंगाम आहे. चार वर्षांपूर्वीचा. त्या हंगामात आमचे आप्पा गेले, आणि त्याच हंगामात गुरूचा द्राक्षमळा गेला. आप्पा नव्वदीला टेकले होते, त्यांचं जाणं समजण्यासारखं होतं. मळ्याचं तसं नाही. मळा माझ्यामुळे गेला.

गुरू म्हणजे गुरुराज, माझा धाकटा भाऊ. दुसऱ्यांच्या वाईनरीत वाईन करण्यात त्याची वीस वर्षं गेली. मग एके दिवशी नोकरी सोडून त्याने बन्नूरच्या रस्त्याला, कालव्याच्या वरच्या अंगाला, तीन एकर लाल माळरान घेतलं. कालव्याखाली सगळीकडे ऊस आणि भात, हिरवागार चिखल. वर मात्र पाणी चढत नाही, म्हणून ती जमीन कोणाला नको होती. गुरूला तीच हवी होती. द्राक्षाच्या वेलीला थोडं उपाशी ठेवावं लागतं, असं तो म्हणायचा. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. मी म्हटलं, उपाशी तर तूही राहशील. तो हसला. त्या दिवसांत तो फार हसायचा.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पिढ्यान् पिढ्या मैसूरमध्ये कापड रंगवलं, ठसे मारले. आप्पांनी लहानपणी निळीच्या कुंडीपाशी काम केलं होतं, पुढे धंदा बसला आणि त्यांनी मंडी मोहल्ल्यात कापडाचं दुकान टाकलं. पण रंगाऱ्याचं नाक आणि रंगाऱ्याची नजर त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. बाजारातून आणलेल्या प्रत्येक साडीचा पदर ते ओल्या पंच्याने पुसून बघायचे आणि पंच्याला रंग लागला की नाक मुरडायचे. आमच्या घरात मराठी बोलतात, पण ते ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यात निम्मं कन्नड असतं.

"रंग सोडून मत्ते हे काय रे?" गुरूने वाईनचं काढलं तेव्हा आप्पा म्हणाले होते. "आपल्यात कोणी घेत नाही. आणि तू करतोस?"

"रंगच आहे, आप्पा. सालात असतो. तो काढायचा, अष्टे, एवढंच."

आप्पांना ते पटलं नाही, पण ते मळा बघायला आले. आले ते नेमके फवारणीच्या दिवशी. मळ्यात रासायनिक औषधं बंद होती, तरी बुरशीवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी थोड्या मापात चालतं; गुरू पिंपात ते ढवळत होता. मोरचुदाचा तो निळा रंग बघून आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "सुरी आण," म्हणाले. मी डब्यातली कांदा कापायची सुरी दिली. त्यांनी ती घासून पुसून पिंपात बुडवली, थोड्या वेळाने वर काढली. पात्यावर तांबूस पुट चढलं होतं. "चुना कमी आहे. वेल भाजेल," ते म्हणाले. गुरूने चुना वाढवला. पुन्हा सुरी बुडवली, ती लख्ख निघाली. वीस वर्षं वाईन केलेला माझा भाऊ तेव्हा बापासमोर शाळकरी पोरासारखा उभा होता, आणि मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला की मी डबा आवरायचं निमित्त करून बाजूला गेले.

कावेरीच्या या पट्ट्यात वाईन करणारे लहानमोठे पाचजण त्या सुमारास एकत्र आले होते. त्यांनी ठरवलं, की औषधं आणि पोत्यातली खतं सोडायची. नांगर जमेल तितका बंद ठेवायचा. वेलींच्या रांगांमधली जमीन उघडी ठेवायची नाही. तिथे ताग, हुलगा, जे उगवेल ते गवत वाढू द्यायचं, कापायचं आणि तिथेच अंथरायचं. नुसती सेंद्रिय शेती नाही, मेलेली माती परत जिवंत करायची. तीन वर्षं अशी निर्मळ काढली, की प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि मग पाचहीजणांची वाईन एका नावाखाली बाहेर जाणार होती. गुरूचा मळा त्यात सगळ्यात लहान, पण सगळ्यात आधी तोच पुरा होणार होता. बाकीचे त्याच्याकडे बघून चालले होते.

मला हे सगळं खूळ वाटायचं. माझा स्वभाव मुळात शंकेखोर. चार बाजूंनी ऊस, उसाला हंगामभर औषध, आणि मधे तीन एकर पवित्र जमीन. वाऱ्याला काय कुंपण कळतं? मी तसं बोलूनही दाखवलं. गुरूने कडेने उंच शेवग्याची आणि गिरीपुष्पाची दाट रांग लावली आणि म्हणाला, "नोड अक्का, झालं कुंपण."

दुसऱ्या वर्षी एकदा त्याने वेलीच्या बुडाशी हात घातला, मूठभर माती काढून माझ्या नाकाशी धरली. "वास घे. हेगिदे? कसा आहे?"

"मातीसारखा."

"अष्टे?"

मी पुन्हा घेतला. खरं सांगायचं तर तो वास वेगळा होता. ओल्या पालापाचोळ्याचा, थोडा आंबूस, थोडा मशरूमसारखा. त्याच्या तळहातावर एक बारीक गांडूळ वळवळत होतं आणि गुरू त्याच्याकडे असा बघत होता, की मला माझ्या शंकांची लाज वाटली. "बरा आहे," मी म्हटलं. त्याला तेवढं पुरलं.

खालच्या अंगाला ऊस होता तो सिद्देगौडांचा. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्यांचं कन्नड मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यातला गोडवा येणार नाही. गुरूच्या मळ्यातलं गवत हे गौडांचं कायमचं दुखणं होतं. त्यांच्या हिशेबी शेतात गुडघाभर गवत असणं म्हणजे दारात आठ दिवसांचा केर साठू देणं. बांधावरून जाता जाता ते थांबायचे, बघायचे, मान हलवायचे. गुरूने त्यांना हजार वेळा समजावलं की हे मुद्दाम आहे. गौडा ऐकून घ्यायचे, हं हं म्हणायचे. शिकलेल्या माणसाला मजूर मिळत नाहीत आणि ते कबूल करायला तो लाजतो, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं असावं.

पण माणूस म्हणून सोनं. इथल्या खेड्यांत मुय्यी नावाची एक रीत आहे. तुमच्या लावणीला मी एक दिवस राबतो, माझ्या तोडणीला तुम्ही या. पैशाचं नाव काढायचं नाही. एखाद्या घरी माणूस गेलं, की त्या घराचं शेतातलं काम शेजारी न विचारता उचलतात. तीही मुय्यीच. आणि ती फेडावी लागते. महिन्याने, वर्षाने, केव्हाही; समोरच्याला गरज पडेल तेव्हा, त्याच्या शेतात जे काम असेल ते करून. कुठलं काम, हे फेडणाऱ्याने ठरवायचं नसतं.

ऑक्टोबरात गुरूने छाटणी केली. तिसऱ्या वर्षाची. प्रमाणपत्राला तीन महिने उरले होते. डोळे छान फुटले, नोव्हेंबरच्या मध्यावर वेली फुलोऱ्यात आल्या. द्राक्षाच्या फुलोऱ्याला वास असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. फूल म्हणायलाही जीव होत नाही इतकं बारीक, हिरवट. पण सकाळी रांगांमधून चाललं की अंगावरून एक हलका गोड वास सरकून जायचा. मी त्या वर्षी तो तीनदा घेतला. चौथ्यांदा जाणार होते त्या सकाळी आप्पा गेले.

आप्पांना पोचवून आल्यावर गुरूने सुतक धरलं. एकुलता मुलगा, क्रिया त्यानेच करायची. तेरा दिवस घराबाहेर कामाला जायचं नाही. आमच्याकडे आणखी एक गोष्ट पाळत असत: सुतकात निळीच्या कुंडीला हात लावायचा नाही. कुंडीत रंग आंबत असतो, ती जिवंत असते. सुतकाचा हात लागला तर ती मरते, असं जुनी माणसं म्हणत. कुंड्या जाऊन साठ वर्षं झाली. तरी पाचव्या दिवशी गुरू हळूच म्हणाला, "अक्का, एकदा मळ्यावर जाऊन येतो. फुलोरा आहे. दोन तासांत परत," तेव्हा मला ती कुंडी आठवली.

मी म्हटलं, "द्राक्षं म्हणजे तुझी कुंडीच. आप्पांनी हात लावू दिला असता का?"

मी. जन्मभर पोरांना जंतू आणि बुरशी शिकवणारी मी. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण घर पाहुण्यांनी भरलं होतं, मुंडन केलेला भाऊ पहिल्याच आठवड्यात शेतावर गेला असं त्यांनी म्हणू नये असं मला वाटलं. आणि खोलवर कुठेतरी मला तो माझ्याजवळ बसून हवा होता. आप्पा गेल्यावर त्या घरात लहानपणचं असं तोच काय तो उरला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाट पुढे ओढून बसला. "आय्तु," म्हणाला. झालं.

त्याच संध्याकाळी त्याची काळजी मिटावी म्हणून मी गच्चीवर जाऊन सिद्देगौडांना फोन केला. म्हटलं, "गौडरे, तेरावा होईपर्यंत आमच्यातलं कोणी येणार नाही. जरा मळ्याकडे बघाल? तुमचंच शेत समजा."

"टीचरम्मा, हे सांगायला लागतं का?" गौडा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री मी आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपले.

दहाव्या दिवशी आम्ही श्रीरंगपट्टणला जाऊन अस्थी सोडून आलो. दुपारचं ऊन, नदीचं पाणी अंगावर सुकलेलं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. घराच्या पायरीवर सिद्देगौडा बसले होते. शेजारी अवरेच्या शेंगांचं ठासून भरलेलं पोतं. धुतलेलं पांढरं धोतर नेसून, सकाळच्या बसने, ते पोतं स्वतः उचलून आले होते. दुखवट्याच्या घरी चहासुद्धा घेणार नाही म्हणाले. गुरूच्या समोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "मळ्याची काळजी सोडा, स्वामी. गवत कंबरेला लागलं होतं. मी आणि मुलाने मिळून तीन दिवसांत सगळं मारून टाकलं. नोझलला टोपी लावून खाली धरून मारलं, वेलीच्या पानाला थेंब लागू दिला नाही. आता जमीन आरशासारखी आहे. मुय्यी समजा."

दमलेल्या डोक्यात औषधाचं काही आलंच नाही; मला वाटलं, किती केलं या माणसाने. मी गुरूकडे वळले. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याने वाकून गौडांच्या पायाला हात लावला, आणि म्हणाला, "उपकार झाले, गौडरे."

मग त्याने पोतं आत ओढलं आणि शेंगा सोलायला बसला. दुपारभर. अवरेचे दाणे पाण्यात भिजवून, एकेक चिमटीत धरून दाबला की सालातून सटकन बाहेर पडतो; आमच्याकडे ते काम सगळ्या घराने मिळून, गप्पा मारत करायचं असतं. त्या दिवशी गुरू एकटा करत बसला. मी म्हटलं, असू दे, उद्या करू. त्याने पुढची मूठ पाण्यात टाकली. सगळ्या घरात सोगडु भरून राहिला. मला वाटलं, आप्पांसाठी झुरतोय.

चौदाव्या दिवशी आम्ही दोघं बसने मळ्यावर गेलो. बसमध्ये खिडकीशी तो, शेजारी मी. फाट्यापासून चालत वर चढलो, शेवग्याच्या रांगेतून आत शिरलो. गौडांचं म्हणणं खरं होतं, जमीन आरशासारखी होती. ताग नाही, हुलगा नाही, गवत वाळून तांबडं पडलेलं. आणि वर वेली. पानं पानं राहिलीच नव्हती. आखडलेल्या पंजासारखी, शिरा एकत्र आवळलेली, कडा दातेरी. शेंडे खाली वळलेले. फुलोरा करपून गळाला होता. हवेत एक गोडसर, दवाखान्यासारखा वास होता.

उसातलं गवत मारायचं हे औषध उसाला काही करत नाही. पण द्राक्षाला ते थेंबाने लागावं लागत नाही. दुपारच्या उन्हात त्याची वाफ उठते, तेवढी पुरते. गौडांनी जीव ओतून जपून काम केलं होतं, हे रांगेरांगेत दिसत होतं. एकाही वेलीच्या खोडाला पंपाची नळी घासलेली नव्हती. त्या निगुतीचाच मला फार त्रास झाला. निष्काळजी माणसावर रागावता तरी येतं.

गुरू एका रांगेच्या टोकाला उकिडवा बसला. मूठभर माती घेतली, नाकाशी नेली. या वेळी माझ्यापुढे धरली नाही.

"वेली मेल्या?" मी विचारलं.

"मरणार नाहीत. एखाद्या वर्षाने पालवतील." मग मुठीतली माती खाली सोडत, "पण तीन वर्षं गेली, अक्का. पुन्हा पहिल्यापासून मोजायची."

मी तेव्हा सांगायला हवं होतं, की फोन मी केला होता. ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "ऊन लागेल, डोक्याला काही बांध." त्याचं डोकं नुकतंच तासलेलं होतं.

डिसेंबरात तपासनीस आला. तरुण, नम्र मुलगा, पाठीला लॅपटॉप. गुरूने त्याला आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं, लपवायचा प्रश्नच नव्हता. तो बिचारा वाट काढायला बघत होता. म्हणाला, "सर, शेजाऱ्याच्या उसातून उडून आलं असेल तर तसं लिहितो. त्याला एक नोटीस जाईल, तुम्हाला कडेने मोकळा पट्टा सोडायला लागेल. तुमचा दोष लागणार नाही. कोणी मारलं?"

"मी मारलं," गुरू म्हणाला.

"तुम्ही?"

"शेतात गवत वाढलं होतं. घरी अडचण होती. मी मारलं."

तपासनिसाने माझ्याकडे बघितलं. मी मळ्याकडे बघितलं. त्याने लिहून घेतलं.

परतताना मी गुरूवर चिडले. स्वतःच्या नावाला काळं का फासून घेतलंस, विचारलं. तो म्हणाला, "आपल्या सुतकात ज्याने आपलं शेत सांभाळलं, त्याच्या दारात कागद पाठवू? बेडा अक्का, नको. वेलींवर रोग पडला, एवढंच गौडांना सांगितलंय." मला गच्चीवरून केलेला फोन आठवला. तो आमच्या घरात मला एकटीलाच माहीत आहे, असं मी समजत होते.

बातमी बाकीच्या चौघांपर्यंत गेली. ज्याने सगळ्यांना या वाटेला लावलं, त्यानेच पंप मारला. कोणी भांडायला आलं नाही. फोन यायचे बंद झाले, इतकंच. फेब्रुवारीत, जेव्हा रांगेरांगेत घड तोडायचे दिवस, तेव्हा गुरूच्या वेलींवर मोहरीएवढे दाणे होते, टणक आणि हिरवे. कुक्करहळ्ळी तलावाच्या वाटेवर झाडं गुलाबी फुलांनी लगडली होती. आम्ही तिथे फिरायला जायचो आणि द्राक्षांखेरीज सगळ्या विषयांवर बोलायचो.

पुढच्या वर्षी त्या चौघांतल्या एकाने जमीन प्लॉटवाल्यांना दिली. एकाने मळा ठेवला, पण भुरीच्या साथीत घाबरून औषधांवर परत गेला. दोघं आता बाहेरून द्राक्षं विकत घेतात. मध्ये एका लग्नात बाटली दिसली, लेबलवर हिरवं पान आणि ओंजळभर माती. मी ती हातात घेऊन बराच वेळ वाचली. वर लिहिलं होतं की ही वाईन जिवंत मातीतून येते. असेलही. मला आता असल्या मजकुरावर रागावण्याचंही बळ राहिलेलं नाही.

लोक म्हणतात, मातीला धीर असतो, ती पुन्हा उभी राहते. माझी विज्ञानाची पुस्तकंही तसंच म्हणतात. राहत असेल. पण तीन वर्षं ती मुठीत घेऊन वास घ्यायला एक माणूस लागतो, आणि तो पुन्हा उभा राहीलच असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. गुरू आणखी एक छाटणी होईपर्यंत थांबला. वेली पालवल्या, तो म्हणाला तशाच. त्याने त्या पालवलेल्या वेली उपटल्या. मी विचारलं, आता का, आता तर बऱ्या होताहेत. तो म्हणाला, "विकणार कोणाला? कोण विश्वास ठेवेल?" वरपर्यंत पाणी चढवायला आता पंप आहेत. जमीन त्याने ऊस लावायला एकाला वाट्याने देऊन टाकली. स्वतः शहरात एका हॉटेलात वाईनची यादी सांभाळतो. पाहुण्यांना सांगतो, ही घ्या, ती घ्या. हसतो, पण ते पगाराचं हसणं आहे.

आप्पांचा एक पंचा माझ्याकडे आहे. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या घडातलं एक द्राक्ष त्यांनी चिमटीत चिरडून त्यावर पुसलं होतं. दोनदा धुऊन बघितलं आणि म्हणाले होते, "पक्का आहे रे." डाग अजून आहे. मी तो पंचा वापरत नाही, टाकतही नाही.

यंदा नोव्हेंबरात सिद्देगौडांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा आता बेंगळूरला. गुरूला कळलं तसा तो मैसूरच्या दवाखान्यात त्यांना बघायला गेला, मीही गेले. गौडा उशीला टेकून बसले होते, कोवळ्या उसात गवत माजल्याच्या काळजीत. गुरू म्हणाला, "रविवारी मी येतो. मुय्यी राहिलीय ना तुमची."

गौडांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "टीचरम्मा, तुमचा भाऊ विसरला नाही बघा."

रविवारी मी डबा घेऊन त्याच्याबरोबर निघाले. बसमध्ये, बन्नूर जवळ आल्यावर, मला राहवलं नाही. चार वर्षं गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "गुरू, गौडांना फोन मी केला होता. तुमचंच शेत समजा, असं मी म्हटलं होतं. तुला पाचव्या दिवशी मीच जाऊ दिलं नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "माहितेय. अवरे देऊन दारातून निघताना गौडांनीच सांगितलं होतं. टीचरम्मांनी फोन केला ते बरं झालं, म्हणाले."

"मत्ते तू कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तेरा दिवस तू मला समोर बसून भात वाढलास, अक्का. होगली बिड." जाऊ दे, म्हणाला. मला रडू आलं आणि कंडक्टर बघत होता म्हणून मी ते पदरात आवरलं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

गौडांच्या खोपीत पंप तयार होता, शेजारी तीच बाटली. गुरूने झाकण उघडलं तसा तो गोडसर, दवाखान्यासारखा वास आला. मी म्हटलं, "खुरप्याने कर ना. मीही येते हाताला."

"त्यांनी हे सांगितलंय. मुय्यी आहे." त्याने पाणी भरलं, मापाने औषध ओतलं, ढवळलं. पंप पाठीवर घेतला, पट्टे खांद्यावर नीट बसवले, नोझलला टोपी लावली. मग उसाच्या तोंडाशी जाऊन वाकला, चिमूटभर धूळ घेतली आणि हाताच्या उंचीवरून हळू सोडली. धूळ वरच्या अंगाला उडाली, शेवग्याच्या रांगेकडे.

तो थांबला. मीही डबा धरून थांबले. शेवग्यापलीकडे, मळ्याच्या जागी, नुसता ऊस होता, बांधापासून बांधापर्यंत. गुरू पाठीवर भरलेला पंप घेऊन उन्हात अर्धा तास उभा राहिला, वारा तिकडून वळेपर्यंत, आणि मग फवारायला लागला.